बालकांतील अंतर्वलित पाद
बालकांतील अंतर्वलित पाद : लहान मूल उभे असताना किंवा चालताना त्याच्या पावलांची बोटे सरळ पुढे न राहता आतल्या बाजूस, म्हणजे एकमेकांकडे, वळलेली दिसतात, त्या अवस्थेस ही संज्ञा लावतात. ती कोणत्याही एका विकाराची निदर्शक नाही. एका टोकाला जन्मजात वक्रपाद हे खरे व्यंग आहे. त्यात टाच वर ओढलेली, तळवा आत वळलेला आणि पावलाचा पुढचा भाग कोयत्याप्रमाणे वाकलेला असतो. उपचार न झाल्यास असे मूल पावलाच्या बाहेरील कडेवर आणि पुढेपुढे तर पावलाच्या वरच्या पृष्ठावर भार देऊन चालते. सामान्यतः दर हजार जन्मांमागे एका मुलात हे व्यंग आढळते. मुलग्यांत त्याचे प्रमाण मुलींच्या सुमारे दुप्पट असून जवळजवळ निम्म्या मुलांत दोन्ही पावले वाकडी असतात. दुसऱ्या टोकाला, आणि याहून कितीतरी अधिक मुलांत, पाऊल, नडगी किंवा मांडी यांच्या अस्थींना वाढीच्या ओघात असणारा पीळ एवढेच कारण असते व तो बहुधा आपोआप उलगडतो. या दोन्ही प्रकारांना वैद्यकाने दीर्घकाळ एकाच न्यायाने वागविले. वाकडे पाऊल सरळ कसे करावे हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. कोणते पाऊल तसेच राहू द्यावे, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नीटपणे विचारला गेला.

ईजिप्तच्या एकोणिसाव्या राजवंशातील सिप्ताह या राजाच्या ममीचा डावा पाय विकृत आहे. ही विकृती जन्मजात होती की नंतरच्या आजारामुळे आलेली होती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वक्रपादाचे पहिले विवेचक वर्णन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील सांध्यांविषयीच्या ग्रंथात मिळते. बहुतेक वक्रपाद बरे होतात, मात्र उपचार शक्य तितक्या लवकर सुरू करावयास हवेत; मेणाला आकार द्यावा तसे पाऊल हाताने हळूहळू वळवावे, बळजबरी करू नये; मग पट्ट्या बांधाव्यात आणि पाऊल उलट बाजूस किंचित अधिकच झुकेल असे ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. आजच्या मान्य उपचाराशी या सूचना इतक्या जुळतात की, मधल्या काळात वैद्यकाने जे केले त्याचे नवल वाटावे.

भारतीय परंपरेत भर दिला गेला तो कारणमीमांसेवर. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भवतीचे डोहाळे अपुरे राहिल्यास अपत्य कुबडे, लंगडे किंवा ठेंगू निपजते, असे म्हटले आहे. ग्रहणकाळात गर्भवतीने काही चिरले वा कापले तर मुलात व्यंग येते, ही महाराष्ट्रातील समजूत याच जातीची होय. अशा समजुतींमुळे व्यंगाचा दोष आईच्या माथी येत असे व मूल लपवून ठेवण्याकडे घराचा कल होई. उपचारास उशीर होण्याचे तेही एक कारण ठरले. वक्रपादाचे नेमके कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही; आनुवंशिक घटकांचा त्यात वाटा आहे एवढे निश्चित आहे.

मध्ययुगीन यूरोपात हे उपचार फिरते हाडवैद्य, लोहार व पट्टे बनविणारे कारागीर यांच्याकडे गेले. सोळाव्या शतकात आंब्र्वाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने वक्रपादासाठी खास बूट वर्णिले. इ. स. १७४१ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेचे एकेकाळचे प्रमुख नीकॉला आंद्री (१६५८–१७४२) यांनी ‘ऑर्थोपेडी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रीक भाषेतील ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून त्यांनी हे नाव बनविले. पुढे ते अस्थिव्यंगोपचाराच्या संपूर्ण शाखेस मिळाले. ग्रंथ प्रामुख्याने आईवडिलांसाठी लिहिलेला होता. त्यातील खांबाला दोरीने बांधलेल्या वाकड्या रोपट्याचे चित्र अनेक देशांतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी बोधचिन्ह म्हणून स्वीकारले. चित्र बोलके आहे, पण त्याने एक गैरसमजही रुजविला. वाकडे दिसेल ते बांधलेच पाहिजे, या धारणेची छाया पुढील दोनशे वर्षांच्या बालोपचारावर पडलेली दिसते.

झां-आंद्रे व्हनेल यांनी १७८० मध्ये स्वित्झर्लंडमधील ऑर्ब येथे अस्थिव्यंग असलेल्या मुलांसाठी संस्था काढली. या प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते. इटालियन शारीरविज्ञ आंतोन्यो स्कार्पा यांनी १८०३ मध्ये वक्रपादाची शारीररचना तपशीलवार वर्णन केली. घोट्याच्या हाडाभोवती पावलाची इतर हाडे आत सरकलेली असतात, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे होते. त्यांनी योजिलेला स्प्रिंगचा बूट मात्र अवघड व वेदनादायक होता. अशा यंत्रांचा जाच कवी लॉर्ड बायरन (१७८८–१८२४) यांनी बालपणी सोसला. त्यांचा उजवा पाय जन्मापासून व्यंगयुक्त होता. नॉटिंगहॅममध्ये एका भोंदू वैद्याने तो लाकडी चौकटीत आवळून ठेवण्याचा उपचार केला. पाय सुधारला नाही आणि त्याविषयीची सल आयुष्यभर राहिली.

कंडराछेदनाचा काळ : वक्रपादात टाचेमागील जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) आखूड असते. ती छेदल्यास टाच खाली येईल, हे उघड होते. अडचण जखम चिघळण्याची होती. माँपेल्ये येथील झाक देलपेश यांनी १८१६ मध्ये ही शस्त्रक्रिया केली, परंतु जखमेत पू झाल्याने त्यांनी ती पुन्हा केली नाही. हॅनोव्हर येथील गेओर्ग लुई श्ट्रोमायर (१८०४–७६) यांनी १८३१ मध्ये त्वचेला लहानसे छिद्र पाडून बारीक सुरीने आतल्या आत कंडरा छेदली आणि काही दिवस थांबून मग पाऊल हळूहळू ताणले. जंतुविज्ञान उदयास येण्यापूर्वीच्या त्या काळात छिद्राचा लहानपणा हेच रोग्याचे संरक्षण होते.

लंडनचे विल्यम जॉन लिट्ल (१८१०–९४) यांचा डावा पाय बालपणीच्या आजारामुळे, बहुधा पोलिओमुळे, वाकडा झाला होता. इंग्लंडमधील वैद्यांनी शस्त्रक्रियेविरुद्ध सल्ला दिला, तरी ते स्वतः वैद्य झाल्यावर जर्मनीत गेले आणि १८३६ मध्ये श्ट्रोमायर यांच्याकडून त्यांनी आपली कंडरा छेदून घेतली. पाय सुधारला. लिट्ल यांनी ते तंत्र शिकून १८३७ मध्ये लंडनमध्ये वापरले आणि थोड्याच वर्षांत तेथे अस्थिव्यंगांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. रोगी म्हणून गेलेला माणूस उपचार घेऊन परत यावा, अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. प्रसूतीतील अडचणी आणि मुलाच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध दाखविणारा त्यांचा १८६२ मधील निबंधही प्रसिद्ध आहे. ज्या अवस्थेला पुढे मेंदूजन्य पक्षाघात म्हटले गेले आणि जी पावले आत वळण्याचे एक गंभीर कारण आहे, तिचे वर्णन अशा रीतीने एका वक्रपादी माणसाच्याच हातून झाले.

या शस्त्रक्रियेची लाट लवकरच गावोगाव पोहोचली. ग्यूस्ताव्ह फ्लोबेर यांच्या ‘मादाम बोव्हारी’ (१८५७) या कादंबरीत एक सामान्य कुवतीचा खेडेगावातील वैद्य नावलौकिकाच्या मोहाने खाणावळीतील तबेल्याच्या नोकराचे वाकडे पाऊल दुरुस्त करू पाहतो. पाय सडतो आणि मांडीपासून कापावा लागतो. फ्लोबेर हे शस्त्रवैद्याचे पुत्र होते, हे लक्षात घेतल्यास या प्रसंगातील वैद्यकीय तपशिलाचा नेमकेपणा उमगतो.

बेशुद्धीकारक औषधे (१८४६ पासून) आणि लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती (१८६७) यांमुळे मोठ्या शस्त्रक्रिया शक्य झाल्या, आणि संयम सुटला. काहींनी पाऊल मोठी छेदने करून उघडले, काहींनी हाडांचे तुकडे काढले, तर काहींनी लोखंडी पकडीने पाऊल जोराने पिळून सरळ केले. विसाव्या शतकात अमेरिकेतील हायरम काइट यांनी पुन्हा प्लास्टरच्या क्रमिक बंधांचा पुरस्कार केला. हेतू योग्य होता, पण दाब पावलाच्या मध्यभागी बाहेरच्या कडेवर दिल्यामुळे टाचेच्या हाडाची हालचाल अडून राही आणि उपचार महिनोन्‌महिने रेंगाळत. त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रियेकडे कल झाला. व्हिन्सेंट टर्को यांनी १९७१ मध्ये वर्णिलेली व्यापक शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. अशा शस्त्रक्रियांनी पावले दिसण्यात सरळ झाली. तीच मुले मोठी झाल्यावर अनेकांची पावले ताठ आणि दुखरी झाल्याचे दीर्घकालीन पाहण्यांतून आढळून आले.

पोन्सेती यांचे कार्य : इग्नासिओ पोन्सेती (१९१४–२००९) यांचा जन्म स्पेनच्या मिनोर्का बेटावर एका घड्याळजीच्या घरी झाला. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताक पक्षाच्या सैन्यात त्यांनी वैद्यकीय सेवा केली आणि पराभवानंतर फ्रान्स व मेक्सिकोमार्गे १९४१ मध्ये ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोहोचले. तेथे पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या वक्रपादी रुग्णांची तपासणी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. ताठरलेली पावले पाहून शस्त्रक्रियेने वाढणारे व्रणऊतकच पावलाचे नुकसान करते, या निष्कर्षाप्रत ते आले. तान्ह्या मुलाचे अस्थिबंध लवचिक असतात. घोट्याच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्यावर अंगठ्याने आधार देऊन त्याच्याभोवती उरलेले संपूर्ण पाऊल बाहेर फिरविले, तर विस्थापित हाडे आपल्या जागी येतात, हे त्यांनी ओळखले. दर आठवड्याला असे हलके वळण देऊन मांडीपर्यंत प्लास्टर घालावयाचे. साधारणपणे पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होते. बहुतेकांत शेवटी श्ट्रोमायर यांच्याप्रमाणेच लहान छिद्रातून टाचेची कंडरा छेदावी लागते व ती तीन आठवड्यांत पुन्हा जुळते. त्यानंतर दांड्याला जोडलेले बूट प्रथम तीन महिने जवळजवळ अखंड आणि पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत फक्त झोपेत वापरावयाचे असतात.

पद्धती १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आकारास आली व १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु तीन दशके तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९५ मध्ये जुन्या रुग्णांची सरासरी तीस वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ७८ टक्के रुग्णांचे पाऊल उत्तम किंवा चांगले ठरले. व्यंग नसलेल्या व्यक्तींच्या तुलनागटात हेच प्रमाण ८५ टक्के होते. पुढे आईवडिलांनी इंटरनेटद्वारे परस्परांना ही माहिती कळविण्यास सुरुवात केली आणि वैद्यांनी ती स्वीकारण्याचा वेग वाढला. रुग्णांच्या नातेवाइकांनी वैद्यांना मागे खेचून योग्य मार्गावर आणल्याचे हे एक उल्लेखनीय उदाहरण होय.

न बांधावयाची पावले : याच पोन्सेती यांनी एका सहकाऱ्यासमवेत १९६६ मध्ये दुसरा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही. फक्त पावलाचा पुढचा भाग आत वळलेल्या तान्ह्या मुलांच्या पाहणीत त्यांना आढळले की, बहुसंख्यांना कोणताही उपचार लागला नाही. हाताने सरळ होऊ शकणारे पाऊल स्वतःच सरळ झाले. १९९४ मधील दीर्घकालीन पाहणीने यास दुजोरा दिला.

अन्य दोन कारणांबाबतही असेच घडले. एक ते तीन वर्षांच्या मुलांत नडगीच्या हाडाचा आतील पीळ, तर त्याहून मोठ्या मुलांत मांडीच्या हाडाचा पुढे असलेला पीळ पावले आत वळवितो. जन्माच्या वेळी मांडीच्या हाडाचा हा कोन सुमारे ४०° असतो आणि प्रौढपणी १५° च्या आसपास येतो. मूल वाढते तसा तो उलगडत जातो. त्यास घाई चालत नाही. तरीही या मुलांना तिरके तळ लावलेले बूट, उजव्या पायात डावा व डाव्यात उजवा बूट, कमरपट्ट्यापासून घोट्यापर्यंत पीळ देणाऱ्या दोऱ्या आणि डेनिस ब्राउन यांनी वक्रपादासाठी १९३४ मध्ये योजिलेला दांडा अशी साधने पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली. १९७३ मध्ये मांडीच्या हाडाच्या पिळाचा आणि १९७६ मध्ये बुटांतील बदलांचा अभ्यास होऊन यांचा काही परिणाम होत नाही, असे दिसून आले. सिअ‍ॅटलचे लिन स्टाहेली यांनी १९८५ मध्ये एक हजार निरोगी पायांची मोजणी करून वयानुसार सामान्य मर्यादा निश्चित केल्या. मूल व्यंगयुक्त आहे की केवळ सामान्य मर्यादेच्या एका कडेला आहे, हे त्यामुळे सांगता येऊ लागले. त्यापूर्वी कित्येक उपचारांना मिळालेले यश वस्तुतः वयाचे होते.

मांडीच्या हाडाचा पीळ अधिक असलेले मूल मांडी घालून बसण्यास कुरकुरते आणि पाय मागे बाहेरच्या बाजूस टाकून बसते. त्याला यासाठी रागे भरण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. परंतु ही बैठक हाडाच्या रचनेचा परिणाम आहे, रागावण्याने तो पीळ बदलत नाही. आठ-दहा वर्षांनंतरही चालणे फारच अडखळत असेल, तरच अस्थी कापून फिरविण्याची शस्त्रक्रिया विचारात घेतात व तीही क्वचितच. एकाच बाजूचे पाऊल वळलेले असणे, वेदना, लंगडणे, पावलाचा ताठरपणा किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारे वळण ही लक्षणे मात्र दुर्लक्षिता येत नाहीत.

महाराष्ट्रात पाऊल वाकडे होण्याचे पोलिओ हे एक मोठे कारण होते. मुंबईत फातिमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाल्यावर हे कारण मागे पडले व जन्मजात वक्रपादाकडे अधिक लक्ष गेले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला (पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते). जन्मतः तपासावयाच्या व्यंगांत वक्रपादाचा समावेश त्यात आहे. प्लास्टर व छेदन यांस फारसा खर्च येत नाही आणि ते जिल्हा रुग्णालयातही करता येतात. अडचण येते ती नंतर. पाऊल सरळ दिसू लागले की दांड्याचे बूट घालून मुलाला झोपविणे घरच्यांना निष्ठुरपणाचे वाटते, मूल रडते आणि बूट बाजूला पडतात. वक्रपाद पुन्हा उद्‌भवण्याचे हेच सर्वांत मोठे कारण असून, चार वर्षे रात्रीचे बूट का घालावयाचे हे मुलाच्या आजीलाही समजावून सांगणे हा अशा केंद्रांतील कामाचा मोठा भाग असतो.