तळटीप : १९७७चा पर्यावरण-बदल करार

* लेखकाने इथे नुसते ‘१९७७चा करार’ म्हटले आहे. त्याला अभिप्रेत आहे तो लष्करी किंवा अन्य वैरभावाने निसर्गात फेरफार घडवणाऱ्या तंत्रांच्या वापरास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार. १८ मे १९७७ रोजी जिनिव्हात तो स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला आणि ५ ऑक्टोबर १९७८पासून अमलात आला; त्याच वर्षी डिसेंबरात भारतही त्यात सामील झाला. पार्श्वभूमी व्हिएतनाम युद्धाची. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकी विमानांनी हो चि मिन्ह मार्गावरच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडले, ते पावसाळा लांबावा आणि शत्रूची रसद चिखलात रुतावी म्हणून. पाऊसच शस्त्र झाला! जंगले निष्पर्ण करणाऱ्या ‘एजंट ऑरेंज’मधले डायॉक्सिन बिएन होआ विमानतळाच्या मातीतून काढण्याचे काम तर युद्ध संपून चार दशके उलटल्यावर हाती घ्यावे लागले.

कराराची मर्यादा १९९१मध्ये उघडी पडली. माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतमधल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग नोव्हेंबरात विझली. इराकने करारावर सही केली होती, पण त्याला मान्यता दिली नव्हती. शिवाय करारात निषिद्ध आहे ती निसर्गाच्या प्रक्रियांशी जाणूनबुजून केलेली ढवळाढवळ. विहिरी पेटवणे त्यात बसते का, हाच वाद होता. नेहमीच्या बॉम्बफेकीने नासलेली नदी किंवा शेतजमीन त्याच्या कक्षेबाहेरच राहते. म्हणून लेखकाने या कराराला दिलेले ‘पर्यावरणाचे कवच’ हे विशेषण वाचकांनी जपून घ्यावे.

— संपादक