नडगीचं हाड आणि आईची धाकधूक



मागच्या श्रावणात आमच्या गटाची मासिक बैठक चालू होती. तेवढ्यात एका सदस्येचा फोन आला. तिचा दहा वर्षांचा मुलगा शेवाळलेल्या गडग्यावरून घसरून पडला होता. नडगीचं हाड मोडून चामडीतून बाहेर डोकावत होतं. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली होती. तिला गटातून उचल हवी होती, आणि तिच्या मनाची तयारी होत नव्हती.

फोनवरच ती म्हणाली, "इतक्या ल्हान पोराच्या पायात सळये घालतत? पाय मगे वाढतलो कसो?"

कुणी म्हणालं हाडवैदाकडे ने, कुणी म्हणालं डॉक्टरचं ऐक. पैसे आम्ही तासाभरात पोचवले. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हतं. ते आम्ही नंतर शोधलं. तीच गोष्ट आज सांगतो.

मोडलेलं हाड बांधायची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर वेगळे अध्याय आहेत. उंबर, वड, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या लावून पाय बांधायला तिथे सांगितलं आहे. नडगी किंवा मांडी मोडली तर रुग्णाला फळीवर निजवायचं आणि पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकून तो जखडायचा. कोवळ्या वयात हाड महिन्याभरात सांधतं, मध्यम वयात दुप्पट वेळ लागतो आणि उतारवयात तिप्पट, हेही त्यात आहे. आणखी एक गोष्ट त्यात आहे, ती विसरू नका. पट्टी सैल बांधली तर हाड जागेवर राहत नाही, आणि फार आवळली तर सूज, वेदना आणि पू होतो.

म्हणजे जुनी विद्या खोटी नव्हती. पण तिला दोन मर्यादा होत्या. चामडीच्या आत हाड नेमकं कसं बसलं आहे ते दिसत नव्हतं. आणि हाड चामडी फोडून बाहेर आलं की जखम सडायची. तेव्हा युरोपातल्या मोठ्या इस्पितळांतही असा पाय बहुतेकदा कापावा लागे, नाहीतर माणूस दगावे.

१८४६ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ईथर हुंगवून, रुग्णाला वेदना न होता शस्त्रक्रिया करून दाखवली गेली. १८५१-५२ च्या सुमारास मॅथायसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टरांनी प्लास्टरची पट्टी काढली. पण सडण्यावर उपाय सापडला तो एका मुलाच्या नडगीमुळे. १२ ऑगस्ट १८६५ ला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या इस्पितळात जेम्स ग्रीनलीस या अकरा वर्षांच्या मुलाला आणलं. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं, नडगी मोडून जखम उघडी पडली होती. जोसेफ लिस्टर या डॉक्टरांनी जखमेवर कार्बोलिक अॅसिडमध्ये भिजवलेलं कापड ठेवलं आणि पाय बांधला. चार दिवसांनी पट्टी सोडली तर पू नव्हता. सहा आठवड्यांत हाड सांधलं, पाय वाचला. आज ऑपरेशनच्या खोलीत जंतू मारण्याची जी काळजी घेतात, तिच्या मुळाशी या मुलाचा पाय आहे.

मग १८९५ मध्ये जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि आतलं हाड दिसू लागलं.

आता सळीचं. १९३९ मध्ये जर्मनीत कुंचर या डॉक्टरांनी हाडाच्या पोकळीत जाड सळी घालायला सुरुवात केली. मोठ्या माणसांना ती फार उपयोगी पडली. मुलांचं मात्र वेगळं असतं. त्यांच्या हाडाच्या टोकांजवळ वाढीचा पट्टा असतो, तिथूनच पाय लांब होतो. नडगीत ती जाड सळी वरच्या टोकातून घालतात, म्हणजे हा पट्टा भेदूनच. मग १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या डॉक्टरांनी बारीक, लवचीक सळ्या वापरल्या. वाढीचा पट्टा सोडून त्याच्या खालून, दोन बाजूंनी दोन सळ्या आत सरकवायच्या. त्या आत वाकून हाडाला दोन्हीकडून आधार देतात. हाड पक्कं झालं की बहुधा काढून टाकतात. आमच्या सदस्येच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. पाय वाढावा म्हणूनच ही रीत निघाली.

प्रत्येक मोडक्या नडगीला शस्त्रक्रिया लागते असं नाही. मुलांची बहुतेक हाडं प्लास्टरमध्येच सांधतात. लहान वयात थोडा बाक वाढीबरोबर सरळही होतो. पण पिळलेलं हाड आपोआप सरळ होत नाही. जखम उघडी असली, हाड जागेवर टिकत नसलं किंवा सूज फार असली, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

आमच्या गटातल्या एक मावशी अजून लंगडतात. लहानपणी त्यांची नडगी वाकडी सांधली. त्या दिवशी सगळ्यांचं बोलणं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "माका कोणी दवाखान्यात नेल्यानच नाय." त्यानंतर कुणी हाडवैदाचं नाव काढलं नाही.

तेव्हा बायांनो, पोर पडलं आणि पाय मोडल्यासारखा वाटला तर चोळू नका, ओढू नका. जखमेवर हळद किंवा लेप न लावता स्वच्छ कापड ठेवा. दोन्ही बाजूंना कामट्या किंवा काठ्या लावून पाय आहे तसा बेताने बांधा आणि १०८ ला फोन करा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे, गरज पडली तर आपली माणसं गोव्याला बांबोळीलाही जातात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

प्लास्टर घातल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, बोटं गार, निळी किंवा बधिर पडली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच परत न्या. आवळलेल्या पट्टीचा धोका सुश्रुतांच्या ग्रंथातही लिहिलेला आहे.

तो मुलगा आता शाळेत चालत जातो. गडग्यावर अजून चढतो, आणि आई अजून ओरडते.