मानवी अंतर्जात रेट्रोव्हायरस प्रथिने

मानवी अंतर्जात रेट्रोव्हायरस प्रथिने म्हणजे प्राचीन रेट्रोव्हायरसांच्या जनुकांपासून मानवी शरीरात तयार होणारी प्रथिने होत. मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा विषाणूंच्या अवशेषांचा आहे. त्यांतील बहुतेक अवशेष उत्परिवर्तनांमुळे निकामी झाले असून मोजक्याच जनुकांपासून पूर्ण प्रथिन बनते. ही प्रथिने निरोगी ऊतींमध्येही आढळतात.

उगम

रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएची डीएनए प्रत तयार करून ती यजमान पेशीच्या गुणसूत्रात जोडतो. एचआयव्ही हा याच कुळातील विषाणू आहे. पिंपरी-चिंचवडमधील भोसरी औद्योगिक वसाहतीत असलेली, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने स्थापन झालेली संस्था त्यावर संशोधन करते. एचआयव्ही हा बहिर्जात विषाणू आहे. आईकडून बाळाला होणारी त्याची लागण हा संसर्ग असतो, आनुवंशिकता नव्हे. याउलट, लाखो वर्षांपूर्वी काही रेट्रोव्हायरस पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि इतर जनुकांप्रमाणे पुढील पिढ्यांकडे गेले. त्यांना अंतर्जात म्हणतात.

निरोगी ऊतींतील प्रथिने

सिन्सिटिन-१ : या प्रथिनाचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. त्याचे कार्य २००० साली प्रसिद्ध झाले. मूळ विषाणूत हे आवरण प्रथिन पेशीत शिरण्यासाठी वापरले जाई. वारेत (अपरेत) तेच प्रथिन शेजारच्या पेशी एकमेकींत विलीन करते व त्यातून अनेक केंद्रके असलेला सलग थर तयार होतो. आई व गर्भ यांच्यातील पोषकद्रव्ये आणि वायूंची देवाणघेवाण या थरातून होते.

सिन्सिटिन-२ : हे सहाव्या गुणसूत्रावरील जनुकापासून बनते व पेशींच्या विलीनीकरणात भाग घेते. उंदरांत सिन्सिटिन-ए हे स्वतंत्रपणे आलेले प्रथिन असेच कार्य करते. त्याचे जनुक काढून टाकल्यास गर्भ गर्भावस्थेच्या मध्यावरच दगावतात.

सप्रेसिन : हे सिन्सिटिन-१ च्या ग्राहीला चिकटून विलीनीकरणावर नियंत्रण ठेवते. तीच ग्राही वापरणाऱ्या काही रेट्रोव्हायरसांना ते पेशीत शिरू देत नाही, असे २०२२ मधील प्रयोगांत दिसले.

ईआरव्ही-३ : याचे आवरण प्रथिन वार, अधिवृक्क ग्रंथी व तैलग्रंथींत आढळते. काही निरोगी व्यक्तींमध्ये त्याचे जनुक जन्मतःच खंडित असते. त्यामुळे ते जगण्यासाठी अनिवार्य नसावे.

एचईआरव्ही-के : हा सर्वांत अलीकडे जनुकसंचात आलेला गट असून त्याची प्रथिने भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत आढळली आहेत.

अभ्यासातील अडचणी

ऊतीत एखाद्या जनुकाचा आरएनए सापडला म्हणजे प्रथिनही बनते असे नाही. शिवाय या अवशेषांच्या अनेक जवळपास सारख्या प्रती असल्याने आरएनए नेमका कोणत्या प्रतीपासून आला हे ठरवणे कठीण जाते. एखादे प्रतिपिंड दुसऱ्याच प्रथिनाला चिकटून चुकीचा निष्कर्षही देऊ शकते.

वैद्यकीय महत्त्व

काही कर्करोगांत व बहुविध काठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) या विकारात अशा प्रथिनांचे वाढलेले प्रमाण नोंदले गेले आहे. मात्र सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. कर्करोगपेशींवरील या प्रथिनांना लक्ष्य करणारे उपचार अभ्यासले जात आहेत. तेच प्रथिन निरोगी ऊतीतही असेल, तर उपचार त्या ऊतीलाही इजा करू शकतो. म्हणून निरोगी शरीरातील त्याचा आढळ आधी तपासावा लागतो. पूर्वाक्षेप (प्री-एक्लॅम्प्सिया) झालेल्या गर्भवतींच्या वारेत सिन्सिटिन-१ चे प्रमाण घटल्याचे आढळले आहे.

कोविड-१९ लसीकरणाच्या काळात, लसीमुळे बनणारी प्रतिपिंडे सिन्सिटिन-१ वर हल्ला करून वंध्यत्व आणतील अशी अफवा पसरली होती. करोना विषाणूचे काटेरी प्रथिन व सिन्सिटिन-१ यांच्यात अर्थपूर्ण साम्य नाही. लस घेतलेल्या स्त्रियांच्या रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासण्यांतही या अफवेला आधार मिळाला नाही.