नेसरीची खिंड आणि विश्वासाचे गणित

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते ती सात वीरांमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर येथे बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. शौर्याची ही कथा आपण वर्गात सांगतोच. येथे आम्ही तिच्याकडे जरा वेगळ्या अंगाने पाहणार आहोत : माणसे एकमेकांवर विश्वास कशाच्या आधारे टाकतात?

१६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी खानाचे पाणी तोडून त्याला जेरीस आणले. खानाने गयावया केली, तेव्हा त्याला जाऊ दिले. खान पुन्हा उलटला. शिवाजी महाराजांनी सरनोबतांना खरमरीत पत्र धाडले. खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा त्याचा आशय बखरकार देतात.

मेयर, डेव्हिस व शूरमन या संशोधकांनी १९९५ मध्ये विश्वासाचे तीन आधार सांगितले : क्षमता, हितबुद्धी आणि सचोटी. साल्हेरच्या १६७२ मधील विजयानंतर प्रतापरावांच्या क्षमतेविषयी शंका नव्हती. महाराजांचा राग एका निर्णयावर होता. मानी स्वभावाच्या सेनापतीला मात्र सगळाच विश्वास उडाल्यासारखे वाटले असावे. कागदावर शब्द पोचतात. बोलणाऱ्याचा चेहरा आणि स्वर पोचत नाहीत.

असे न बोललेले संकेत मन फार झपाट्याने टिपते. विलिस व तोडोरोव्ह यांच्या २००६ मधील प्रयोगात अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला, तरी लोकांनी तो विश्वासू की नाही हे ठरवून टाकले. अर्थात हा निवाडा बरोबर असतोच असे नाही.

नेसरीला सहा जणांना घोड्याला टाच मारणारा सरनोबत दिसला, तेवढा संकेत त्यांना पुरला. बाकीची फौज मागोमाग आली नाही, असे नारायण शेणवी याच्या १६७४ मधील पत्रावरून कळते. सभासद मात्र मोठे युद्ध झाले असे लिहितो. शेणव्याचे म्हणणे खरे मानले, तरी मागे राहिलेले भित्रे ठरत नाहीत. अरुंद खिंडीत पुढचा इशारा मागच्यांपर्यंत पोचलाच नसेल.

१६८० मध्ये महाराजांनी राजारामांचा विवाह प्रतापरावांच्या कन्येशी लावला. त्या घराण्यावरचा विश्वास असा उघडपणे दिसला. पण तो पाहायला प्रतापराव नव्हते.

आपणही वर्गात रागावतो. तेव्हा चूक दाखवतो की माणूसच नाकारतो, हे मुलाला आपल्या चेहऱ्यावरून कळते. म्हणून रागावल्यावर, तुझ्यावरचा विश्वास कायम आहे, हे शब्दांतही सांगावे; आणि ते वेळेवर सांगावे.