अडकणं सोपं, सुटणं महत्त्वाचं

क्लिपलेस पेडल हे नावच फसवं आहे. 'लेस' म्हणजे नसलेलं, आणि इथे तर बूट पेडलमध्ये चक्क अडकतो! खुलासा असा, की पूर्वी रेसिंग सायकलच्या पेडलवर पाय धरून ठेवायला पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा. त्या पिंजऱ्याचं नाव टो-क्लिप. तो गेला, म्हणून क्लिपलेस.

पट्टा आवळला की पाय पेडलवर पक्का बसतो, पण पडताना निघत नाही. गंमत म्हणजे बूट पिळून अडकवायचं-सोडवायचं पेडल अमेरिकेत चार्ल्स हॅन्सनने १८९५ मध्येच शोधलं होतं. ते काही रुळलं नाही. मग १९७० च्या दशकात इटलीच्या चिनेल्लीने एम-७१ आणलं. पट्टा गेला खरा, पण पाय सोडवायला खाली वाकून हाताने खटका सरकवायचा! समोर कुत्रं आडवं आलं तर हात ब्रेकवर ठेवायचा की पेडलवर?

उत्तर आलं बर्फातून. फ्रान्सची लूक कंपनी स्कीची बाइंडिंग्ज बनवायची. पडताना स्कीतून पाय सुटला नाही तर मोडतो, त्यामुळे ठराविक जोर आला की पाय सोडून देणारी यंत्रणा त्यांच्याकडे तयारच होती. १९८४ मध्ये त्यांनी ती कल्पना पेडलमध्ये आणली. टाच बाहेर वळवा, पाय मोकळा! १९८५ मध्ये बर्नार इनोने हीच पेडल्स वापरून टूर द फ्रान्स जिंकली, तीही वाटेत पडून नाक मोडलेलं असताना. १९९० मध्ये शिमानोचं एसपीडी आलं आणि ही सोय माउंटन बाइकवाल्यांपर्यंत पोचली.

मला यातलं इंजिनिअरिंग आवडतं ते यासाठी, की इथे आधी विचार झाला तो सिस्टीम फेल कशी होईल याचा. शिकणाऱ्यानेही तेच करावं. नवखा माणूस बहुतेक वेळा वेगात नाही, तर थांबताना पडतो, सिग्नलला, हळूच, कडेला. आणि पुण्या-मुंबईत कडेला बस असते. म्हणून मंडळी, आधी स्प्रिंगचा स्क्रू सैल करा, गवतावर सराव करा आणि थांबायच्या बरंच आधी एक पाय सोडवा. तरी तोल गेलाच तर हात जमिनीवर टेकू नका, मनगट किंवा गळपट्टीचं हाड जातं. हँडल धरून ठेवा, हनुवटी आत घ्या आणि अंगाच्या कडेवर पडा.

अडकायला एक मिनिट पुरतं. सुटायची सवय पायात मुरल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.