हेल्मेटची कुळकथा

माघी गणेशोत्सवात खोपोलीहून पालीकडे येणारा रस्ता दुचाकींनी भरून जातो. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या जोडप्यात हेल्मेट असलंच तर एकच असतं, आणि तेही पुष्कळदा कोपरात नाहीतर आरशाला अडकवलेलं. मागे बसलेलीच्या डोक्यावर फार तर ओढणी.

अपघातातून उठलेल्या माणसाबद्दल गावोगाव एकच वाक्य कानी पडतं : "जीव वाचला, पण तो पूर्वीसारखा नाही राहिला." हातपाय धड असतात, टाके निघालेले असतात, पण मवाळ माणूस शिवराळ झालेला असतो, हाती घेतलेलं काम अर्ध्यात टाकतो, सकाळी येऊन गेलेला पाहुणा त्याला दुपारी आठवत नाही. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. खरं तर दुखावलेला असतो मेंदूचा एखादा खंड. हेल्मेट ज्या गरजेतून घडत गेलं, ती गरज इथे आहे.

मोटरसायकलवाल्यांसाठीचं पहिलं हेल्मेट 1914 चं. इंग्लंडच्या ब्रुकलँड्स शर्यतपट्टीवरचे डॉक्टर एरिक गार्डनर डोकं फुटलेले स्पर्धक पाहून वैतागले होते. त्यांनी कॅनव्हासवर लाखेचा लेप चढवून टोपी बनवून घेतली आणि त्याच वर्षी आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या डोक्यावर चढली. शर्यतीबाहेर मात्र तिला कुणी विचारलं नाही.

13 मे 1935 रोजी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स डॉर्सेटमध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे महायुद्ध सुरू झालं, रात्री दिवे बंद ठेवायचा हुकूम निघाला आणि अपघात वाढले. केर्न्सनी हिशेब मांडला : युद्धाआधीच्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 1,884 मोटरसायकलस्वार मेले होते, युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत 2,279. हेल्मेट घालून जखमी झालेले सातच जण त्यांना सापडले, आणि सातही वाचले होते. 1941 मध्ये हे छापून आलं. त्याच वर्षी निरोप पोचवणाऱ्या लष्करी स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

केर्न्सच्या जोडीला हॉलबर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. या कुळातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं काम. त्यांनी मेणाच्या कवटीत जिलेटिनचा मेंदू ओतला, तिला गरकन हिसका दिला आणि ताण नेमका कुठे पडतो ते विशिष्ट प्रकाशात पाहिलं. कवटी न फुटताही मेंदू आतल्या आत पिळवटतो आणि कानशिलामागच्या शंखखंडाच्या टोकाला त्याचा फार मोठा फटका बसतो, हे त्यातून दिसलं.

कवटीची आतली बाजू पाहिली की कारण कळतं. मागची भिंत बरीचशी गुळगुळीत असते. डोळ्यांच्या खोबणीवरचा हाडाचा तळ मात्र खडबडीत, उंचसखल. त्याच्या मागे कानशिलाआड हाडाची धारदार कड. म्हणून माणूस डोक्याच्या मागच्या बाजूवर पडला तरी पुष्कळदा खरचटतो तो पुढचा मेंदू. मागचा खंड दुखावला तर डोळे धड असूनही दिसत नाही. माथ्याजवळचा उजवा खंड गेला तर डावी बाजू उरतच नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. पण अपघातात अधिक भरडले जातात ते शंखखंड आणि ललाटखंड. शंखखंडाकडे आठवण, आणि बहुतेकांच्या डाव्या शंखखंडाकडे बोललेलं समजणं. कपाळामागच्या ललाटखंडाकडे संयम, विचार करून ठरवणं, जनाची नि मनाची लाज. आपण ज्याला माणसाचा स्वभाव म्हणतो तो बराचसा इथला, आणि नेमका हाच भाग हाडाच्या त्या खडबडीत तळावर टेकलेला.

लाखेचं कवच कवटी वाचवत होतं, हिसका सोसत नव्हतं. ती उणीव अमेरिकेत रॉथ आणि लोम्बार्ड यांनी भरून काढली. स्वतः चेपून धक्का जिरवणाऱ्या अस्तराचं पेटंट त्यांना 1953 मध्ये मिळालं. आज हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा जाड थर दिसतो तो त्याच वंशातला. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी बदलायचं. आणि हनुवटीखालचा पट्टा मोकळा असेल, तर डोकं रस्त्याला लागण्याआधीच ते निसटून गेलेलं असतं.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये या पट्ट्याचाही उल्लेख आहे. चालवणाऱ्याइतकीच मागे बसणाऱ्यावरही सक्ती आहे. सूट आहे ती पगडीधारी शिखांना. तरी 2022 मध्ये देशात हेल्मेटविना दगावलेल्या 50,029 जणांत 14,337 मागे बसलेले होते. त्याच वर्षी या कुळात शेंडेफळ जन्माला आलं : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी छोटं हेल्मेट, मूल चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, आणि मूल मागे असताना ताशी 40 किलोमीटरची मर्यादा. फेब्रुवारी 2023 पासून तो नियम लागू आहे.