ध्रुवीय अस्वलाचा बर्फ आणि लांडग्याचे माळरान

उत्तर ध्रुवाकडील पांढऱ्या अस्वलाचे जीवन समुद्रावर गोठणाऱ्या बर्फावर अवलंबून असते, कारण त्या बर्फावरूनच ते सीलची शिकार करते. तापमानवाढीमुळे बर्फ उशिरा गोठतो व लवकर वितळतो आणि अस्वलास किनाऱ्यावर दीर्घकाळ उपाशी राहावे लागते. तरीही जगात ही अस्वले सुमारे २६,००० आहेत. भारतीय लांडगे मात्र सुमारे ३,०००च उरले असून २०२५ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने अस्वलाप्रमाणे त्यांचीही नोंद संकटग्रस्तांमध्ये केली. पुणे जिल्ह्याच्या शिरूर व दौंड तालुक्यांतील माळरान हे त्यांचे एक जुने घर होय.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या मुरमाड भूमीवर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते वाढतात. त्यांवर चिंकारा व ससा जगतो, धनगरांच्या मेंढ्या चरतात आणि लांडगा उघड्या माळावरच बिळात पिले वाढवतो. घोड व भीमेचे पाणी मिळताच माळाचा ऊस झाला. दाट उसात बिबट्याचे फावले. तेथेच त्याची पिलावळ वाढते आणि मनुष्याशी त्याचा संघर्ष होतो. लांडग्याला मात्र तो आडोसा मानवत नाही. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनीही माळ व्यापला आहे.

येथे लांडग्याला उष्म्यापेक्षा हवामानबदलावरील उपायांचाच धोका अधिक वाटतो. सरकारी दप्तरात गवताळ माळ बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदलेला असतो. त्यामुळे वृक्षलागवड अथवा सौरप्रकल्पासाठी प्रथम त्याकडेच बोट दाखविले जाते. चर खोदून गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली की गवत हटते. वास्तविक गवताची मुळे जमिनीत भरपूर कार्बन साठवून ठेवतात! झाड लावणे पुण्याचेच, पण जागा पाहून.

माळ तुटल्यामुळे लांडगा वस्तीजवळ आला आणि गावकुत्र्यांशी त्याचा संकर होऊ लागला; पुणे परिसरातील असा संकर २०२३ साली जनुकीय तपासणीने सिद्ध झाला आहे. कुत्र्यांचे रोगही त्याला जडतात. दौंडशेजारी, बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, परंतु त्याचा विस्तार अवघा पाच चौरस किलोमीटर. लांडग्यांचा एक कळप शंभराहून अधिक चौरस किलोमीटर मुलूख फिरतो. म्हणजे त्याचे उरलेले घर शेतकऱ्यांच्या पडजमिनीत, गायरानात आणि मेंढपाळांच्या वाटेवरच आहे.